पास दिला म्हणजे कच खाल्ली का?

रविवारी सकाळी आमचं खेळून झालं की ग्राउंडच्या बाहेरच्या टपरीवर बसायचं हे गेली पंधरा-सोळा वर्षं चालू आहे. ग्रुप आता पाच-सहा जणांचा उरलाय, सगळे चाळिशीच्या आगेमागे, दोघांचे गुडघे गेलेत, एकाला डॉक्टरने उडी मारायची नाही असं स्पष्ट सांगितलंय म्हणून तो कोपऱ्यात उभा राहून फक्त थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) मारतो (आणि सगळ्यात जास्त पॉइंट त्याचेच होतात हा भाग वेगळा). खेळ तासभर आणि वाद दोन तास. वादाचा विषय बरेचदा एकच, अमेरिकेतला बास्केटबॉलवाला लेब्रॉन जेम्स क्लच आहे का नाही.

क्लच म्हणजे काय ते जे बास्केटबॉल बघत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मॅच अटीतटीची आहे, दोन-तीन पॉइंटचा फरक, घड्याळात काही सेकंद, अशा वेळी ज्याच्या हातात बॉल द्यावा आणि तो करेलच असं वाटतं तो क्लच. आणि जो ऐन वेळी नांगी टाकतो तो नाही. एनबीएने (अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग) याचीसुद्धा व्याख्या करून ठेवलीये, शेवटची ५ मिनिटं आणि फरक ५ पॉइंटच्या आत असेल तर तो क्लच टाइम, आणि २०२२-२३ च्या सीझनपासून क्लच प्लेयर ऑफ द इयर असं वेगळं बक्षीसही सुरू केलंय. पहिलं डिएरन फॉक्सला मिळालं, मग करी, मग ब्रन्सन. त्या ट्रॉफीला नाव कोणाचं दिलंय हे लक्षात ठेवा, त्यावर नंतर येतो.

आमच्यात एक जॉर्डनवाला, म्हणजे मायकल जॉर्डनचा भक्त, दादा आहे. वयाने सगळ्यात मोठा. जॉर्डनचा १९९८ चा शेवटचा शॉट, यूटाविरुद्ध, ८७-८६, घड्याळात ५.२ सेकंद, हे तो अजूनही असं सांगतो की जणू सॉल्ट लेक सिटीत हाच बायरन रसेलच्या मागे उभा होता. (रसेलला धक्का दिला होता का नव्हता हा प्रश्न त्याच्यासमोर काढायचा नाही, चहा गार होतो.) दुसरा आहे कोबीवाला. कोबी ब्रायंटचा भक्त. एकदा पावसामुळे आम्ही माझ्या घरी बसलो होतो आणि ह्या दोघांचं जोरात चालू होतं की कोबीशिवाय मजा नाही, कोबीची सर कोणाला नाही, तर आई आतून म्हणाली अरे मग सांगायचं ना, मी आज दुधी केलाय.

आणि तिसरा मी, लेब्रॉनवाला. आमची जमात सगळ्यात वाईट अवस्थेत असते कारण आम्हाला सतत खुलासे द्यावे लागतात. जॉर्डनवाल्याला फक्त ६-० म्हणायचं असतं, सहा फायनल सहा रिंग (जिंकणाऱ्याला मिळते ती अंगठी, म्हणजे विजेतेपद), विषय संपला. आमच्याकडे १० फायनल, ४ जिंकल्या ६ हरल्या. मग आम्ही सुरू करतो की बघा २००७ ला टीम कशी होती, २०१५ ला त्याच्या टीममधले लव्ह आणि कायरी दोघं जखमी होते, २०१८ ला समोर ड्युरँटसारखा स्टार होता, आणि समोरचा माणूस हसत असतो. खुलासा लांबला की आपण हरलो हे मला आता कळलंय, तरी थांबता येत नाही.

हा वाद सुरू कुठून झाला ते बघितलं तर माझ्या मते २००७ मध्ये, आणि दहा दिवसांत दोन्ही बाजू तयार झाल्या. ईस्टची (एनबीएच्या पूर्व विभागाची) फायनल, लेब्रॉनचं क्लीव्हलँड विरुद्ध डेट्रॉइट. पहिल्या मॅचमध्ये शेवटी लेब्रॉन बास्केटकडे घुसला, डिफेन्स सगळा त्याच्यावर धावला आणि त्याने कोपऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या डॉनियल मार्शलला पास दिला. मार्शलचा शॉट चुकला, क्लीव्हलँड ७९-७६ ने हरलं. आणि मग जो काही गदारोळ झाला, की सुपरस्टार असा वागतो का, स्वतः मारायला नको का, जॉर्डनने दिला असता का पास वगैरे. मग ३१ मेला पाचवी मॅच, डबल ओव्हरटाइम, आणि त्या पोराने (२२ वर्षांचा होता हो) टीमचे शेवटचे २५ च्या २५ पॉइंट एकट्याने केले, शेवटच्या ३० मधले २९, एकूण ४८, आणि २.२ सेकंद असताना लेअप (अगदी जवळून टाकलेला शॉट) मारून १०९-१०७ ने जिंकवली. डेट्रॉइटचा डिफेन्स तेव्हा काही ऐरागैरा नव्हता. मी ही मॅच लाइव्ह बघितली नाही, नंतर एका मित्राच्या हार्ड डिस्कवरून बघितली, रिझल्ट माहीत असूनसुद्धा शेवटी उभा राहिलो होतो.

आता गंमत बघा, पहिल्या मॅचमधला लेब्रॉन आणि पाचव्या मॅचमधला लेब्रॉन एकच माणूस आहे आणि मधे आठ-दहा दिवसच गेलेत. पण पुढची जवळजवळ वीस वर्षं लोकांनी त्याचे दोन वेगळे माणूस करून ठेवले, ज्याला जो हवा तो घ्यावा.

बरं आता २०११. इथे मी खोटं बोलणार नाही. खूप लेब्रॉनवाले अजून इकडून तिकडून काहीतरी सांगतात, मी सोडून दिलंय. मायामीत वेड आणि बॉशबरोबर गेला, त्याआधी टीव्हीवर तो कार्यक्रम करून क्लीव्हलँडला सोडलं, सगळं जग विरोधात, आणि फायनलला समोर डॅलस. डर्क नोविट्स्की आणि बाकी सगळे म्हातारे म्हणावेत असे. दुसऱ्या मॅचमध्ये १५ ची लीड घालवली. चौथ्या मॅचमध्ये लेब्रॉनचे पॉइंट किती, तर ८. आठ! पूर्ण सिरीजमध्ये सरासरी १७.८, त्याच्यासारख्या माणसाची. बरेयासारखा छोटासा गार्ड समोर आला तरी हा त्याला पाठीवर घेऊन आत जात नव्हता, बॉल आला की लगेच दुसऱ्याला, नको मला नको मला असं. नोविट्स्कीच्या अंगात ताप असताना तो खेळत होता आणि जिंकत होता, आणि इकडे हा पंचविशीतला धडधाकट माणूस कोपऱ्यात उभा. तेव्हाचा तो जोक सगळ्यांना माहीत असेल, लेब्रॉनकडे एका डॉलरचे सुट्टे मागू नका, तो तीनच क्वार्टर देतो, चौथा क्वार्टर त्याच्याकडे नाहीच (क्वार्टर म्हणजे पाव डॉलरचं नाणं, आणि मॅचचे चार भाग तेही क्वार्टरच). मी हसलो होतो त्यावर आणि मग घरी येऊन वाईट वाटलं होतं.

त्याला कच खाणं म्हणतात. दुसरा शब्द नाही. दादाने २०११ काढलं की मी चहाच्या ग्लासात बघतो.

पण इथेच मला एक गोष्ट सांगायची आहे जी मला बरीच वर्षं नीट मांडता येत नव्हती. मार्शलला दिलेला पास आणि २०११ मधले पास ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसायला सारख्या, हातातला बॉल दुसऱ्याला दिला. पण २००७ मध्ये त्याने आधी आत घुसून दोघा-तिघांना अंगावर घेतलं आणि मग जो मोकळा झाला त्याला दिला. २०११ मध्ये कोणाला अंगावर न घेताच दिला. पहिला खेळ आहे, दुसरी पळवाट आहे. आणि लोक दोन्हीला एकाच पोत्यात घालतात कारण शेवटी स्कोअरशीटवर दिसतं ते इतकंच की शेवटचा शॉट ह्याने घेतला नाही.

मग मी दादाला विचारतो, १९९७ ची सहावी मॅच, यूटा, स्कोअर ८६-८६, शेवटचे काही सेकंद, जॉर्डनवर दोन माणसं आली, त्याने काय केलं? स्टीव्ह करला पास दिला. करने मारला, बुल्सला (जॉर्डनची शिकागोची टीम) रिंग. आणि १९९३ ला फिनिक्समध्ये? बुल्सच्या शेवटच्या क्वार्टरमधले तोवरचे सगळे ९ पॉइंट जॉर्डनचे होते, पण शेवटी बॉल जॉर्डनकडून पिपेन, पिपेनकडून ग्रँट, ग्रँटकडून पॅक्सन असा फिरला आणि पॅक्सनने थ्री मारला, ९९-९८. ह्याला सगळे टीमवर विश्वास टाकणं म्हणतात. बरोबरच आहे, विश्वासच आहे. पण मग करचा शॉट बास्केटच्या कड्यावर आपटून बाहेर आला असता तर? मग तोच पास काय झाला असता?

दादा म्हणतो, पण गेला ना आत.

आता ह्या उत्तरावर काय बोलायचं सांगा. तुम्ही माणसाला मोजताय का दुसऱ्याच माणसाच्या मनगटाला?

२०२० मध्ये परत तेच झालं. ऑर्लँडोच्या बबलमध्ये (कोविडमुळे सगळ्या मॅच एकाच बंदिस्त जागी), प्रेक्षक नाहीत, फायनलची पाचवी मॅच, लेकर्स (लेब्रॉनची तेव्हाची टीम) एकाने मागे, लेब्रॉनचे त्या दिवशी ४० पॉइंट झालेले. तो आत घुसला, मायामीची अर्धी टीम त्याच्यावर, बाहेर डॅनी ग्रीन इतका मोकळा की तिथे चटई टाकून बसला असता. पास. शॉट चुकला. १११-१०८ ने हरले. लोकांनी लेब्रॉनला तर शिव्या घातल्याच, पण ग्रीनला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला जिवे मारायच्या धमक्या आल्या. एका चुकलेल्या शॉटवरून. पुढच्या मॅचला लेकर्स आरामात जिंकून रिंग घेऊन गेले म्हणून ते विसरलं गेलं, नाहीतर आजही आमच्या टपरीवर मार्शलच्या शेजारी ग्रीनचा फोटो लावला असता.

मधे कोबीवाल्याचं म्हणणंही सांगायला पाहिजे नाहीतर तो बोलणं बंद करेल. त्याचं म्हणणं साधं आहे, कोबी पास द्यायचाच नाही, दोघं अंगावर असोत का तिघं, शॉट तोच घेणार, आणि चुकला तर पुढचाही तोच घेणार, ह्याला जिगर म्हणतात. मला हे पटत नाही आणि पटतंही. २०१० च्या फायनलची सातवी मॅच बॉस्टनविरुद्ध, कोबीने २४ शॉट घेतले, ६ आत गेले. सहा! आणि रिंग मिळाली, कारण त्याने १५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) घेतले आणि शेवटाकडे त्याच्याच टीममधल्या आर्टेस्टने थ्री मारला. ह्या मॅचची गंमत अशी की ह्यात जो थ्री मारला गेला तो कोबीच्या पासवर मारला गेला, म्हणजे कोबीवाल्यांची सगळ्यात लाडकी रिंग शेवटी एका पासवरच उभी आहे. हे मी एकदाच बोललो. पंधरा दिवस अबोला.

पण कोबीबद्दल फार ताणवत नाही मला. १४ एप्रिल २०१६, आंबेडकर जयंतीची सुट्टी होती, सकाळी आठ वाजता आम्ही तिघं कोबीवाल्याच्या घरी बसलो होतो त्याची शेवटची मॅच बघायला. बाहेर मिरवणुकीची तयारी, स्पीकरचं टेस्टिंग चालू, आणि आत ३७ वर्षांचा माणूस, पायात दम नाही, ५० शॉट घेतले आणि ६० पॉइंट केले, शेवटच्या मिनिटांत एकट्याने मॅच फिरवली. तेव्हा कोणी लेब्रॉन-जॉर्डन काढलं नाही. आणि मग २०२० च्या २६ जानेवारीला रात्री खूप उशिरा बातमी आली, हेलिकॉप्टरच्या अपघातात कोबी गेल्याची. कोबीवाल्याला फोन करायची कोणाची हिंमत झाली नाही, सकाळी मी गेलो तर तो ग्राउंडवर एकटाच शॉट मारत होता. असो.

मूळ मुद्द्यावर येतो. दादाला मी एकदाच खरंच अडकवलंय आणि ते बास्केटबॉलवरून नाही.

दादा सचिनचा कट्टर आहे. म्हणजे आम्ही सगळेच आहोत पण तो जरा जास्तच. आणि सचिनवर जो आरोप व्हायचा की मोठ्या मॅचमध्ये टिकत नाही, हा मॅच जिंकवत नाही, त्यावर दादा असा काही भडकतो की विचारू नका. त्याचं हुकमी उदाहरण म्हणजे चेन्नई, ३१ जानेवारी १९९९, पाकिस्तान, टार्गेट २७१. सचिनची पाठ गेलेली, तशा पाठीवर त्याने १३६ केले, आउट झाला तेव्हा फक्त १७ हवे होते आणि ३ विकेट हातात होत्या. २५४ ला सातवा गेला आणि २५८ ला सगळे. १२ रनने हरलो. दादा म्हणतो, सतरा रन होत नाहीत तुमच्याच्याने? त्याने अजून काय करायला पाहिजे होतं, समोरच्या एंडलाही त्यानेच बॅटिंग करायची का?

मी म्हटलं दादा, ३१ मे २०१८. ओकलंड, फायनलची पहिली मॅच, गोल्डन स्टेटची ती ड्युरँटवाली टीम. लेब्रॉनचे ५१ पॉइंट. १०७-१०७, लेब्रॉनच्या टीममधल्या जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) चुकला, रिबाउंड त्यांच्याच जे. आर. स्मिथला मिळाला, बास्केट समोर, साडेचार सेकंदांच्या वर वेळ, आणि तो बॉल घेऊन उलट्या दिशेला पळाला कारण त्याला वाटलं आपण पुढे आहोत. लेब्रॉन दोन्ही हात पसरून त्याच्याकडे बघतोय तो फोटो तुझ्या मोबाइलमध्ये पण आहे, तूच पाठवतोस सगळ्यांना स्टिकर म्हणून. ओव्हरटाइममध्ये हरले. आता सांग, समोरच्या एंडलाही त्यानेच बॅटिंग करायची का?

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला सचिनचं वेगळं आहे.

हेच! हेच मला म्हणायचं आहे राव. आपल्या माणसाचा पराभव आपण आतून बघतो, कोणाची पाठ दुखत होती, कोण सोबत होतं, पिच कसं होतं. दुसऱ्याच्या माणसाचा फक्त रिझल्ट बघतो. मी पण तेच करतो, जॉर्डन पहिल्या तीन वर्षांत प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) १० पैकी एकच मॅच जिंकला होता हे मी दादाला कायम ऐकवतो, पण त्यातच १९८६ ला बॉस्टनविरुद्ध त्याने ६३ केले होते आणि तरी टीम हरली हे मी मुद्दाम सांगत नाही. दादाला माहीत आहे, तोच सांगतो. मग मी म्हणतो की बघ, जॉर्डन पहिल्या राउंडला हरला ते ६-० मध्ये मोजलं जात नाही आणि लेब्रॉन फायनलपर्यंत जाऊन हरला तर ते मोजलं जातं, म्हणजे लवकर हरलेलं बरं का? ह्या मुद्द्याला आजवर कोणी नीट उत्तर दिलेलं नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. दादाचं उत्तर आहे, ६-०.

२०१३ ची माझी स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट आहे ती सांगून टाकतो. फायनल, स्पर्सविरुद्ध सहावी मॅच, लेब्रॉन मायामीत, आपल्याकडे बुधवार सकाळ, मला नऊची कंपनीची बस असायची. अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ उरलेला, मायामी ५ ने मागे, कोर्टाच्या कडेला ट्रॉफी द्यायच्या तयारीने पिवळी दोरी लावायला माणसं आली होती. मी टीव्ही बंद केला आणि बूट घातले. बसमध्ये बसल्यावर फोन आला. कसा तो लेब्रॉनचा थ्री गेला, मग पुढचा चुकला, बॉशने रिबाउंड घेतला, रे अॅलन मागे मागे सरकत कोपऱ्यात गेला आणि थ्री, ५.२ सेकंद. हो, तेच ५.२, जॉर्डनच्या शॉटवालेच. मायामीतले बरेच प्रेक्षकसुद्धा आधीच बाहेर पडले होते आणि मग त्यांना परत आत घेत नव्हते, दारं बडवत होते, ते वाचून मला जरा बरं वाटलं.

तर त्या मॅचला लेब्रॉन वाचला का जिंकला? ट्रिपल डबल (पॉइंट, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दोन आकडी) होता त्याचा, हेडबँड पडल्यावर वेड्यासारखा खेळला, पण बरोबरी करायचा शॉट त्याचा चुकलाच होता. अॅलनचा गेला नसता तर आज २०११ च्या शेजारी २०१३ लिहिलं असतं. सातव्या मॅचला मात्र स्पर्सने त्याला मुद्दाम मोकळं सोडलं, मार लांबून मार म्हणून, आणि त्याने मारले, ३७ केले, शेवटी २७.९ सेकंद असतानाचा तो जंपर पण लांबूनच. माझ्या लेखी २०११ ची वसुली त्या दिवशी झाली. त्याच्या आदल्या वर्षी बॉस्टनमध्ये ४५ केले होते तीही मोठीच होती, ३-२ मागे असताना, डोळ्यांत ते थंड भाव, पण ती एकतर्फी झाली, १९ ने जिंकले, आणि एकतर्फी मॅचला लोक क्लच म्हणत नाहीत. मला कायम वाटतं हा अन्याय आहे, हरलो तर घरी जायचं अशा मॅचमध्ये शेवटच्या पाच मिनिटांची वेळच येऊ न देणं हे तर जास्त भारी.

आणि २०१६. लेब्रॉन परत क्लीव्हलँडमध्ये, फायनलची सातवी मॅच. सोमवार, सकाळी साडेपाच, सोनी सिक्स. पाऊस अजून धड सुरू झाला नव्हता, लाइट जाईल ह्या भीतीने मी इन्व्हर्टर असलेल्या चुलतभावाकडे झोपायला गेलो होतो. समोर गोल्डन स्टेट, त्या सीझनला ७३ मॅच जिंकलेली टीम, सिरीज ३-१ वरून ३-३ झालेली. शेवटच्या क्वार्टरमध्ये ८७-८३ मागे असताना लेब्रॉनने सलग ६ केले, तीन फ्री थ्रो आणि एक थ्री. मग त्यांच्या थॉम्पसनने बरोबरी केली, ८९-८९. आणि मग पावणेचार मिनिटं कोणाचाच एक पॉइंट नाही. पावणेचार मिनिटं! दोन्हीकडचे जगातले भारी भारी शूटर आणि बॉल आत जाईना, सगळ्यांचे पाय जड झालेले टीव्हीवर दिसत होते. त्यात त्यांच्याच इग्वाडालाला मोकळं मैदान मिळालं, लेअप, आणि मागून कुठून तरी हा आला आणि बोर्डवर दाबून ब्लॉक केला. १ मिनिट ५० सेकंद बाकी. चुलतभावाला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तोसुद्धा ओरडला, काकू उठून आल्या.

मग कायरीने करीच्या तोंडावर थ्री मारला, ५३ सेकंद. मग लव्हने (ज्याला डिफेन्स येत नाही असं आम्ही सगळे वर्षभर म्हणत होतो) करीला अडवून धरलं. मग लेब्रॉन पडला, मनगट धरून विव्हळला, उठला, पहिला फ्री थ्रो चुकवला, दुसरा मारला. ९३-८९. क्लीव्हलँड शहराला १९६४ नंतर कुठल्याच मोठ्या खेळात पहिल्यांदा काहीतरी मिळालं.

दादाचं ह्यावर काय म्हणणं? शॉट तर कायरीने मारला ना!

म्हणजे बघा, शेवटचा शॉट स्वतः मारला नाही म्हणून क्लच नाही. सिरीजमध्ये दोन्ही टीम मिळून पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक ह्या पाचही गोष्टींत एकच माणूस पहिला, हे आधी कधी झालं नव्हतं. पण शेवटचा शॉट कायरीचा. ब्लॉक हा क्लच असू शकतो हेच डोक्यात बसत नाही लोकांच्या, कारण आपल्याला जिंकणं म्हणजे काहीतरी आत टाकणं वाटतं, अडवणं नाही. आणि आत टाकण्याचाच हिशोब असेल तर बझरवर (वेळ संपल्याचा भोंगा) मारून जिंकवलेल्या प्लेऑफच्या मॅच घ्या, २००९ ला ऑर्लँडो, २०१५ ला शिकागो, २०१८ ला इंडियाना आणि मग टोरंटो. शिकागोला तर कोचने ह्याला बाहेरून बॉल टाकायला लावला होता, ह्याने सांगितलं मी नाही टाकणार, मी मारणार. इंडियानाच्या वेळी त्याआधीचा ब्लॉक खरं तर गोलटेंडिंग (नियमात न बसणारा ब्लॉक) होता, एनबीएनेच नंतर मान्य केलं, हे मी सांगतो म्हणजे नंतर कोणी दाखवून द्यायला नको.

आता ते ट्रॉफीचं नाव. क्लच प्लेयरच्या ट्रॉफीला नाव आहे जेरी वेस्टचं. ह्या माणसाचं टोपणनावच मिस्टर क्लच होतं. आणि हा माणूस ९ फायनल खेळला, त्यातल्या ८ हरला. आठ! १९६९ ला तर फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) त्याला दिला, हरलेल्या टीममधून, असं ना आधी झालं होतं ना नंतर झालं. १९७० ला त्याने ६० फुटांवरून बझरला शॉट मारला, तेव्हा थ्री पॉइंटची लाइनच नव्हती म्हणून दोनच मिळाले, मॅच बरोबरीत गेली आणि ओव्हरटाइमला हरले. आणि दुसरीकडे रॉबर्ट हॉरी, ७ रिंग, ऐन वेळचे शॉट मारण्यात वस्ताद, पण त्याला कोणी जॉर्डनच्या पंगतीला बसवत नाही, स्वतः हॉरीही बसणार नाही. हे मी जेव्हा टपरीवर मांडलं तेव्हा पहिल्यांदाच दादा म्हणाला की हां, हे माहीत नव्हतं. मग म्हणाला वेस्टच्या वेळी समोर बिल रसेल होता रे, काय करणार. म्हणजे वेस्टला खुलासा मिळाला. लेब्रॉनला नाही.

आमच्यात आता एक एकोणीस वर्षांचा पोरगा येतो खेळायला, कोबीवाल्याचा पुतण्या. त्याला हे सगळं म्हणजे आजोबांच्या वेळच्या लढायांसारखं वाटतं. तो म्हणतो काका, पॅरिस ऑलिंपिकला बघितलं ना, सर्बियाविरुद्ध १७ ने मागे होते, लेब्रॉनचा ट्रिपल डबल, पण फायनलला शेवटी फ्रान्सला मारलं कोणी, करीने, मग करीच क्लच, संपला विषय. एमव्हीपी मात्र ३९ वर्षांच्या लेब्रॉनला मिळाला हे त्याला सांगितलं तर म्हणाला हो का, ते रीलमध्ये नव्हतं.

एक आठवलं म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएवाले मुंबईत आले होते, वरळीच्या डोममध्ये, सॅक्रामेंटो आणि इंडियाना, दोन मॅच. सॅक्रामेंटोचा मालक मूळचा मुंबईचाच, विवेक रणदिवे. पहिली मॅच शाळेच्या पोरांसाठी होती, ती ओव्हरटाइमला गेली, १३२-१३१. आम्ही चांगले पैसे मोजून, पहाटेची ट्रेन पकडून दुसऱ्या दिवशीच्या मॅचला गेलो, ती इंडियाना २४ ने जिंकली. खऱ्या एनबीएचा खरा क्लच टाइम आयुष्यात एकदा डोळ्यांसमोर बघायचा चान्स होता तो पोरांनी फुकटात बघितला. दादा येताना ट्रेनमध्ये म्हणाला, आपलं नशीब लेब्रॉनसारखं आहे. मी भांडलो नाही, भूक लागली होती.

तर गेल्या रविवारी. आम्ही २१ पर्यंत खेळतो, हरेल त्या टीमने चहा-पोहे. २०-२० झालं. दादा आणि मी एका टीममध्ये, बॉल दादाकडे. पोरगा आणि कोबीवाला दोघंही दादावर धावले, मला वाटलं आता हा मारणार, इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडलाय तो शॉट. त्याने उडी मारली आणि हवेतून बॉल माझ्याकडे, कोपऱ्यात. मी एकदम मोकळा. इतका मोकळा की विचार करायला वेळ मिळाला, आणि तिथेच घात झाला.

रिंगला लागला, वर उडाला, बाहेर.

पोह्यांचे पैसे मी दिले. दादा आता मला नावाने हाक मारत नाही, मार्शल म्हणतो.